पुठ्ठ्यावरचा डाग

टाकीखालची तार ओढली
तर आधी फुस्स, आणि मग थुंकी:
करडी, चिकट, थंडीनं साखळलेली.
एसेनबाय म्हणाला, "पाणीच असणार, बुरुलचा."
मी बोटावर घेतली, अंगठ्यानं चोळली.
पाणी बोट सोडून जातं.
हे जाईना.

काराबाल्टाच्या शेवटच्या वळणावर माझं गॅरेज.
वर तो-आशूचा घाट, घाटमाथ्यावर बोगदा,
पलीकडून येतात तलासचा राजमा भरलेले कामाझ,
आणि उतरताना सगळेच ड्रायव्हर गप्प असतात.
हा मात्र बोलतच आत आला.
"ब्रेक लागतात. सुटत नाहीत.
पाय उचलला तरी चाकं धरून बसतात.
काल बोगद्याखाली उलटं झालं, लागेचनात.
बर्फाच्या ढिगाला घासून थांबलो."
हे त्यानं हसत सांगितलं. हातातला वाडगा हलत होता.

एका हिवाळ्यात तीन ड्रायर बदललेत त्यानं.
चौथा खोक्यासकट सीटमागे.
वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय!
आत आलेलं ड्रायर बिचारा गिळत राहतो,
त्याचे पांढरे दाणे खजुरासारखे होईपर्यंत.
आडात तेल आहे म्हणून पोहऱ्यात येतंय.
आड शोधायला हवा.

चहाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, आतून पांढरा.
कॉम्प्रेसरच्या नळीपुढे धरला,
इंजिन चालू, एक वाडगा चहा संपेपर्यंत.
नाण्याएवढा डाग चालतो.
हा रोटीएवढा झाला, आणि कडेनं ओघळला.

नळी सोडवून दगडावर आपटली,
काळी खरपुडी पडली, करपलेल्या भाकरीची असते तशी.
हवेचा फिल्टर कोरा.
रिंगा ठीक. सिलिंडरला ओरखडा नाही.
इथे माझंही डोकं थांबलं.
एसेनबाय मॉस्कोतल्या मुलाबद्दल सांगत होता,
तो फोनवर बर्फ दाखव म्हणतो,
जणू तिकडे पडतच नाही.

मग बूड उघडलं,
जिथून तेल परत इंजिनात उतरतं
ते करंगळीएवढं भोक.
भोकात लाल रबराची गाठ.
गॅस्केटला लावायचा लेप, जास्तीचा,
पिळून आत आलेला, तिथेच सुकलेला.
तेलाला जायची वाट होती, यायची नव्हती.
बिचारं रिंगांवरून चढत राहिलं,
वाऱ्याबरोबर नळीत, टाकीत, व्हॉल्व्हांच्या रबरांत,
फुगवत, चिकटवत,
बोगद्याच्या तोंडापर्यंत.

लाल लेप या रस्त्यावर एकटी मीच वापरते.
दोर्दोयच्या बाजारातून आणलेली ट्यूब फळीवर आहे,
टोपणावर माझ्याच दातांच्या खुणा.
सप्टेंबरात हा कॉम्प्रेसर मीच बसवला होता,
घाईत, जाड थर देऊन, थोडं जास्त बरं म्हणून.
बाबा म्हणायचे, पातळ लाव, पोरी,
जाड लेप म्हणजे आपल्याच हातावर अविश्वास.

गाठ चिमट्यानं काढून
मी त्याच्या तळहातावर ठेवली.
"हे माझं आहे," म्हटलं.

तो बराच वेळ बघत राहिला.
ते काही नाही, चालायचंच, असं म्हणाला नाही.
त्याबद्दल मी आजही त्याची ऋणी आहे.

रात्रभर व्हॉल्व्ह खोलले, धुतले,
फुगलेली रबरं फेकली, नवी घातली,
तिन्ही टाक्या उलट्या करून निथळल्या.
तो शेगडीशी बसून नट पुसत होता.
न सांगता.
पहाटे नवा पुठ्ठा धरला.
डाग मसुरीच्या डाळीएवढा.

निघताना त्यानं चौथा ड्रायर काढून बसवायला दिला.
"याचे पैसे तू दे. आधीच्या दोघांचेही.
पहिला माझा, तो तसाही जुना होता."
मी मोजून दिले. त्यानं पुन्हा मोजले.

कामाझ बिश्केकच्या बाजूला उतरला.
पहिल्या वळणाआधी दिवे लाल झाले,
मग विझले,
आणि मागोमाग ऐकू आलं,
कोरडं, आखूड,
फस्स.

मी दाराशीच उभी राहिले.
पुढेही एक वळण आहे.